बेघरांचे आसरेकरी संत गाडगे महाराज



२० डिसेंबर हा संत गाडगे महाराजांचा स्मृतिदिन. दरवर्षी या दिवशी शाळेत प्रतिमेला हार घातला जातो, सहावी-सातवीतला एखादा विद्यार्थी पाठ केलेले भाषण म्हणतो आणि शेवटच्या तासाला वर्ग झाडून घेतले जातात. अंगावर चिंध्या, हातात खराटा असे बाबांचे चित्र अगदी पहिलीतले मूलही ओळखते. परंतु खराटा ही त्यांच्या कार्याची एक बाजू झाली. दुसरी बाजू, आणि आम्हाला तरी ती पहिलीइतकीच मोठी वाटते, म्हणजे त्यांनी गावोगावी उभ्या केलेल्या धर्मशाळा. ज्याला रात्री पाठ टेकायला जागा नाही, त्याच्या डोक्यावर छप्पर असावे म्हणून या माणसाने आयुष्याची चाळीसेक वर्षे घालवली. यंदा याच बाजूविषयी लिहावे असे संपादक मंडळात ठरले. त्याला एक तसेच कारणही आहे, ते पुढे येईल.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातील शेणगावचा. घर परिटाचे. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. डेबू तेव्हा आठ वर्षांचा होता. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला आली. म्हणजे स्वतःचे घर नसणे काय असते, दुसऱ्याच्या घरी राहून भाकरी खाणे काय असते, हे बाबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुस्तकातून शिकण्याचा प्रश्नही नव्हता, कारण ते शाळेची पायरी चढलेच नाहीत. मामाकडे गुरे राखायची, मोठे झाल्यावर नांगर धरायचा, असे त्यांचे बालपण गेले. कामाला वाघ आणि पूर्णा नदीत पोहण्यात पटाईत, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती होती.

मामा चंद्रभानजी चांगले कष्टाळू शेतकरी. परंतु त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. सावकाराने कागद पुढे करावा आणि यांनी अंगठा उठवावा. किती घेतले, किती फेडले, किती राहिले, हा हिशेब सावकाराच्या वहीत, आणि वही वाचता येत नाही. व्हायचे तेच झाले. जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. पुढे आयुष्यभर बाबा आपल्या कीर्तनात मुलांना शिकवा म्हणून जीव तोडून सांगत राहिले, जेवायचे ताट मोडून खावे लागले तरी चालेल पण पोराला शाळेत घाला असे बजावत राहिले, त्यामागे दापुऱ्याच्या शेताची ही गोष्ट आहे. आठवी-नववीत गणिताच्या तासाला व्याजाची उदाहरणे कंटाळवाणी वाटणाऱ्यांनी ती जरूर ध्यानात ठेवावी.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. मुले झाली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाचे जेवण द्यावे लागे. डेबूजींनी ते मोडून गोड जेवण घातले. भाऊबंद रागावले, पण ते बधले नाहीत. पुढे १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. मागे म्हातारी आई, बायको आणि लहान मुले. या गोष्टीबद्दल आजच्या वाचकाच्या मनात, विशेषतः आमच्या माता-पालकांच्या मनात, प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. सखुबाई आणि कुंताबाई यांनी जे सोसले, त्याचा हिशेब चरित्रग्रंथांत फार थोडक्यात येतो. आम्हीही येथे तो एवढ्यावर सोडतो, परंतु तो होता हे विसरू नये.

त्यानंतर जवळजवळ बारा वर्षे ते अनोळखी माणूस म्हणून हिंडले. अंगावर चिंध्यांचे शिवलेले कपडे, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी किंवा खराटा आणि मडक्याचा एक फुटका तुकडा. वऱ्हाडात मडक्याला गाडगे म्हणतात. हा तुकडाच त्यांचे ताट, वाटी आणि पेला, आणि उन्हात कधी डोक्यावर टोपीही. त्यावरून लोकांनीच त्यांना गाडगेबुवा हे नाव दिले. कुठे त्यांना गोधडेबुवाही म्हणत.

एखाद्या गावात शिरले की आधी रस्ता झाडायला घ्यायचे. कोणी विचारले नाही, बोलावले नाही, मजुरी ठरली नाही. गटार तुंबले असेल तर ते मोकळे करायचे, पाणवठ्याकडची वाट दुरुस्त करायची. काम झाले की मग कोणाच्या दारी भाकरी मागायची, आणि ती मिळाली की गावाबाहेर बसून खायची. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. कोणी ओळखले, पाया पडायला वाकले, तर काठी उगारायचे. गर्दी फार जमू लागली की एका रात्री गुपचूप पुढच्या गावाला निघून जायचे.

कीर्तनाची त्यांची तऱ्हाही निराळी होती. टाळ-मृदंग नसले तर दोन दगड वाजवून साथ करीत. वऱ्हाडी बोलीत साध्या माणसांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. देवळातल्या देवाला कोण जपतो, बोकड कापून कोणाचे भले झाले, कर्ज काढून लग्न केल्यावर पुढे काय झाले, असे एकेक प्रश्न. लोक हसत हसत उत्तरे देत आणि हसता हसता वरमत. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे झालेल्या त्यांच्या अखेरच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण सुदैवाने उपलब्ध आहे. ते ऐकले की ऐंशी वर्षांचा, थकलेला, आजारी माणूस हजारो श्रोत्यांना कसा बोलते करतो हे कळते. मराठीच्या शिक्षकांनी ते वर्गात जरूर ऐकवावे. वऱ्हाडी बोली आपल्या हुबळी-धारवाडच्या मराठीहून वेगळी असली, तरी मुलांना ती कळायला अडचण येणार नाही.

आता धर्मशाळांविषयी. सुरुवात झाली ती ऋणमोचनला. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठचे हे तीर्थक्षेत्र. पौष महिन्यात, म्हणजे ऐन थंडीत, येथे दर रविवारी यात्रा भरते. नदीचा काठ चिखलाचा आणि निसरडा होता. म्हातारी माणसे घसरत, पडत. बाबांनी फावडे घेऊन वाट नीट केली, लोकांना हाताला धरून उतरवले, आणि पुढे लोकवर्गणीतून आणि लोकांच्या श्रमातून पक्का घाट बांधवला. याच यात्रेत त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. आंधळी, पांगळी, महारोगाने हातपाय झडलेली माणसे दूरदूरहून येत, दिवसभर भीक मागत आणि रात्री नदीकाठच्या गारठ्यात उघड्यावर पडून राहत. यात्रेकरू परत घरी जात, पण या माणसांना घर नसे. बाबांनी त्यांच्यासाठी तेथे अन्नदान सुरू केले. पंगत वाढायला ते स्वतः उभे राहत.

यानंतरची मोठी कामे पंढरपूरची. आपल्याकडून, धारवाड-बेळगाव भागातून, वारीला जाणाऱ्या घरांतील मुलांनी आजी-आजोबांकडून पंढरपूरच्या मठांच्या आणि धर्मशाळांच्या गोष्टी ऐकल्या असतील. पण शंभर वर्षांपूर्वी वारकऱ्यांतही सगळ्यांना सगळीकडे जागा नव्हती. ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांना देऊळ तर बंदच होते. ते उघडले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. परंतु देवळाच्या आधीचा प्रश्न रात्रीचा होता. शेकडो मैल चालून आलेला माणूस चंद्रभागेच्या वाळवंटात, आषाढात पावसात आणि कार्तिकात थंडीत, लेकराबाळांसह उघड्यावर झोपत असे, कारण त्याला कोणी ओसरीवरही घेत नसे. १९१७ च्या सुमारास बाबांनी या लोकांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. त्यानंतर १९२० साली मराठा धर्मशाळा बांधली. पुढे नाशिकला गोदावरीकाठी, आळंदीला, देहूला आणि इतरही ठिकाणी धर्मशाळा झाल्या.

येथे विद्यार्थी विचारतील, आणि विचारावेच, की जातिभेद मोडायला निघालेल्या माणसाने धर्मशाळांना जातींची नावे का दिली? आम्हालाही हे कोडे वाटत होते. आमच्या समजुतीप्रमाणे उत्तर असे की, त्या काळी सर्वांसाठी म्हणून बांधलेल्या जागेतून ज्यांना सर्वांत आधी हाकलले जाई, त्यांच्या हक्काची जागा आधी हवी होती. कीर्तनात ते जातीवर कोरडे ओढत होतेच. पण कीर्तनाने माणूस बदलेपर्यंत वारकऱ्याने पावसात झोपायचे का, हा प्रश्न त्यांना थांबू देत नव्हता. हे उत्तर सर्वांना पटेलच असे नाही. वर्गात यावर चर्चा व्हावी.

या इमारतींना पैसा कोठून आला? बाबा स्वतः पैशाला हात लावीत नसत. कीर्तनाला शेठ-सावकार, व्यापारी, अधिकारी सगळे येत. ज्याला द्यायचे आहे त्याने चुना द्यावा, विटा द्याव्यात, लाकूड द्यावे, नाहीतर घमेले उचलावे. इमारत उभी राहिली की तिचा कारभार विश्वस्तांकडे सोपवून ते मोकळे होत. मालकी स्वतःकडे ठेवली नाही. लाखो रुपयांच्या इमारती उभ्या करणारा हा माणूस त्यांतल्या एकाही खोलीला आपली म्हणाला नाही आणि त्यांचे कुटुंब साध्या झोपडीत राहत असे. आमच्या विश्वस्त मंडळातील ज्येष्ठ मंडळी हा परिच्छेद वाचून मिस्कील हसतील, हे आम्ही जाणून आहोत. त्यांनीही शाळेच्या इमारतीसाठी दारोदार हिंडून असेच पत्रे आणि विटा गोळा केल्या होत्या.

१९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. हेतू असा की तेथे मुलांचे वसतिगृह व्हावे. दोघांचा परस्परांवर लोभ होता. कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी आंबेडकरांनी आणलेली घोंगडी मात्र घेतली, असे सांगतात. जेथे वारकरी निजत होते तेथे विद्यार्थी राहू लागले. या बदलात बाबांना काही गमावल्यासारखे वाटले नसावे, कारण आसरा आणि शाळा या दोन गोष्टी त्यांच्या लेखी एकाच कामाच्या होत्या. रयत शिक्षण संस्थेच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनाही त्यांचा मोठा आधार होता. १९५४ साली कऱ्हाडला निघालेल्या रयतच्या महाविद्यालयाला म्हणूनच त्यांचे नाव आहे.

१९५२ साली त्यांच्या सर्व संस्थांचा कारभार पाहण्यासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. त्यानंतरचे एक काम आम्हाला सर्वांत जवळचे वाटते. मुंबईचे जे. जे. रुग्णालय गोरगरिबांचे. खेड्यातून बाप आपल्या पोराला, बायको आपल्या नवऱ्याला घेऊन येई. रोग्याला खाट मिळे, पण सोबत आलेल्याचे काय? तो फूटपाथवर वळकटी पसरी. महिना महिना असाच काढी. दिवसा औषधासाठी पळापळ, रात्री पोलिसाची काठी. हा माणूस बेघर नव्हे, त्याला गावी घर आहे, पण शहरात तो बेघरच होता. १९५४ साली जे. जे. रुग्णालयाजवळ या सोबत आलेल्यांसाठी धर्मशाळा झाली. तोवर धर्मशाळा म्हणजे तीर्थाच्या गावी, यात्रेकरूसाठी, ही समजूत होती. बाबांनी रुग्णालय हे नवे तीर्थ मानले म्हणा ना. पुढे मिशनने दादरलाही धर्मशाळा चालवली. टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी देशभरातून येणारी गरीब माणसे तेथे उतरतात. आपल्या भागातूनही किती कुटुंबे उपचारासाठी मुंबईला जातात, हे पालकांना सांगायला नको.

बाबांच्या शिकवणीची दहा कलमे आज अनेक सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर लिहिलेली दिसतात. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरिबाच्या मुलाला शिक्षण, आणि त्या यादीत बेघराला आसरा हेही एक कलम आहे. बहुतेक शाळांत यादी पाठ करून घेतली जाते. आमच्या शाळेतही घेतली जाते.

आता सुरुवातीला म्हटलेले कारण. यंदा नाताळच्या सुट्टीत आठवी-नववीच्या काही मुलामुलींनी शिक्षकांबरोबर बेघरांच्या निवाऱ्यात काम करायचे ठरवले आहे. मागणी मुलांकडूनच आली. हुबळी स्थानकाबाहेर आणि जुन्या बाजाराच्या कट्ट्यांवर रात्री झोपलेली माणसे त्यांनी पाहिली होती. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक शहरांतली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली शहरांत दर एक लाख वस्तीमागे एक, बारा महिने आणि चोवीस तास चालणारा निवारा असावा असे बजावले. २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाखाली त्यासाठी निधीची तरतूदही झाली. हुबळी-धारवाडची वस्ती २०११ सालीच नऊ लाखांवर होती. गणित मुलांनीच करावे.

पालकसभेत यावर दोन मते पडली. काही पालकांना काळजी वाटली की निवाऱ्यात आजारी, व्यसनी माणसे असतात, मुले तेथे कशाला? ही काळजी आम्ही हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच वेळ सकाळी नऊ ते बाराचीच ठेवली आहे, प्रत्येक पाच मुलांमागे एक शिक्षक असेल आणि लेखी संमतीशिवाय कोणालाही नेले जाणार नाही. दुसरा आक्षेप असा की आमची मुले तेथे जाऊन फरशी पुसणार, भांडी घासणार, हे काय शिक्षण? त्यापेक्षा शाळेच्या नावाचा फलक लावून पन्नास चादरी वाटाव्यात, फोटो काढावेत आणि दोन तासांत परत यावे, अशीही सूचना आली.

चादरींना आमचा विरोध नाही. धारवाडचा डिसेंबरातला गारठा ठाऊक असलेला कोणीही तो करणार नाही. परंतु निवारा चालवणाऱ्यांना आम्ही विचारले तेव्हा त्यांनी वेगळेच सांगितले. नाताळ ते संक्रांत या दिवसांत चादरी भरपूर येतात, कधी कधी एकाच माणसाला तीन मिळतात. कमी पडतात ते हात. अंथरुणे उन्हात घालायला, संडास-मोऱ्या धुवायला, नव्या आलेल्या माणसाचा अर्ज भरून द्यायला, ज्याला वाचता येत नाही त्याला दवाखान्याचा कागद वाचून दाखवायला माणसे नसतात. शेवटचे काम तर आमची मुले तीन भाषांत करू शकतात. कन्नड, मराठी आणि हिंदी. मुंबईच्या शाळेलाही हे सहज जमणार नाही.

संपादक मंडळाचे मत म्हणून आम्ही एवढेच नोंदवतो की फलक आणि फोटो नकोत. बाबा पंगतीत वाढताना कोणाला नाव विचारीत नव्हते, आणि स्वतःचे तर सांगतच नव्हते. झोपलेल्या, अंघोळ न केलेल्या माणसाचा फोटो शाळेच्या पत्रिकेत छापला जावा असे त्यालाही वाटत नसेल. आपल्याच हुबळीच्या सिद्धारूढ मठात रोज दासोहाला बसणाऱ्यांचे कोणी फोटो काढीत नाही, तसेच हे.

बाबांच्या अखेरच्या दिवसांकडे येऊ. १९२३ साली त्यांचा मुलगा गोविंद गेला. बातमी आली तेव्हा ते कोकणात कीर्तनात उभे होते. क्षणभर थांबले आणि कीर्तन पुरे केले. हा प्रसंग चरित्रकार फार वर्णन करून सांगतात. आम्ही तो येथे आवरता घेतो, कारण मुलांना त्यातून भावना दाबण्याचा धडा मिळू नये असे आम्हाला वाटते. बाबांनी तो धडा म्हणून सांगितलेला नव्हता.

१९५६ चे वर्ष त्यांना जड गेले. प्रकृती खालावली होती. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. आमच्या इतिहासाच्या शिक्षकांनी या संदर्भात एक मौजेची गोष्ट लक्षात आणून दिली. त्या दिवसापर्यंत आपले धारवाड मुंबई राज्यात होते आणि बाबांचे अमरावती मध्य प्रदेशात. त्या एका दिवशी अमरावती मुंबई राज्यात गेले आणि धारवाड म्हैसूर राज्यात आले. ज्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर बाबांना गुरुस्थानी मानत, ते राज्य १९५६ पूर्वी आपलेही होते. या फेरबदलाच्या गडबडीत, ६ डिसेंबरला, डॉ. आंबेडकर गेल्याची बातमी आली आणि बाबा खचले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे मोटारीने जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांनी देह ठेवला. मृत्यूही कुठल्या घरात नव्हे, वाटेवरच आला. त्यांची समाधी अमरावतीस आहे. २००५ पासून अमरावती विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. शाळेत एक दिवसही न गेलेल्या माणसाच्या नावाच्या पदव्या आज हजारो मुले घेतात.

प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच, १९५२ साली, त्यांचे चरित्र लिहिले. गो. नी. दांडेकरांनी तर लहान वयात बाबांच्या सहवासात राहून पुढे त्यांच्यावर लेखन केले. सातवीच्या पुढच्या मुलांना ही पुस्तके झेपतील.

निवाऱ्यात येऊ इच्छिणाऱ्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी पालकांच्या सहीचा अर्ज १९ डिसेंबरपर्यंत आपल्या वर्गशिक्षकांकडे द्यावा. गणवेश नको, जुने कपडे घालून यावे. खराटे, बादल्या आणि हातमोजे शाळा देईल. डबा घरून आणावा. निवाऱ्यात शिजते ते तेथील लोकांसाठी असते.